जुनं गॅजिया क्लासिक आणि पुण्याचं पाणी : एस्प्रेसो मशीन दुरुस्तीच्या नोंदी

काम असं: २०१५ पूर्वीच्या बनावटीचं वापरलेलं गॅजिया क्लासिक रोज सारखा शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) देईल इतपत ठीक करायचं, त्यावर पीआयडी (तापमान एका आकड्यावर स्थिर ठेवणारा कंट्रोलर) बसवायचा आणि चिकमगळूरच्या बीन्ससाठी दळण लावायचं. जागा सिंहगड रोड. अंदाज तीन रविवारांचा होता, लागले नऊ आठवडे. बराच वेळ मशीनने नाही, कामाच्या क्रमाने खाल्ला. आधी पाणी, मग दाब, मग तापमान आणि सगळ्यात शेवटी दळण. इथे सुरुवात नेमकी उलटी झाली. हेच काम काढणाऱ्यांनी निदान या चुका टाळाव्यात, हव्या तर नव्या कराव्यात.

१२ जानेवारी २०२५, रविवार

मशीन १७,५०० रुपयांना. विकणाऱ्याचं म्हणणं, ‘वर्षभर बंद होतं, बाकी उत्तम.’ वर्षभर बंद पडलेलं एस्प्रेसो मशीन उत्तम नसतं. आत राहिलेलं पाणी सुकतं, क्षार धरतात, रबर कडक होतं.

प्लग लावण्याआधी तीन तपासण्या केल्या. प्लगच्या अर्थ पिनपासून बॉयलरच्या धातूपर्यंत जोडणी आहे का: आहे, ०.३ ओहम. फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने: २० मेगाओहमच्या वर. स्विच चालू ठेवून एलिमेंटचा रोध: प्लेटवर १३०० वॅट लिहिलंय, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ४०.७ ओहम हवा, आला ४०.२. मेगर नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून तेवढं करून घ्या. पाणी, वीज आणि उघडा धातू एकाच डब्यात आहेत.

मग पाणी. पोर्टाफिल्टर (कॉफी भरायचं हँडल) न लावता १० सेकंद पंप चालवला, खाली मापाचा कप. ३८ मिली. मोकळ्या मशीनला याच्या दुप्पट तरी यायला हवं. जाळीतून पाणी सरळ पडत नव्हतं, डाव्या बाजूने धार आणि उजवीकडे नुसते थेंब.

इथे पहिली चूक. एवढं दिसत असूनही ‘बघू तरी’ म्हणून शॉट काढले. घरात दाक्षिणात्य फिल्टरसाठी आणलेली ७०:३० चिकोरीची पूड होती, तीच भरली. ९ सेकंदांत ५० ग्रॅम काळं पाणी. दुसऱ्यांदा जास्त दाबून भरली तर चिकोरी फुगली आणि काहीच येईना. चिकोरी एस्प्रेसोला चालत नाही, आणि फिल्टरचं दळण या कामाला फार जाडं असतं. सहा शॉट वाया, माहिती शून्य.

१४ जानेवारी, मंगळवार

ग्रुपचं, म्हणजे पोर्टाफिल्टर अडकवायच्या तोंडाचं, गॅस्केट (रबरी सील) बदललं. जुनं इतकं कडक की नखाने टिचकी मारली तर प्लास्टिकसारखा आवाज. स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलात तर ग्रुपच्या कडेवर ओरखडे पडतात आणि नंतर तिथूनच गळतं. सोपा मार्ग: गॅस्केटमध्ये समोरासमोर दोन लाकडाचे स्क्रू अर्धवट पिळायचे आणि दोन पकडींनी एकदम खाली ओढायचं. तरी तुकडे होऊन निघालं, ४० मिनिटं गेली. खाच दातांच्या जुन्या ब्रशने घासली, त्यातून कॉफीची काळी खरड चमचाभर निघाली.

रविवार पेठेत मापाचं रबर कापून मिळतं, पण ते बहुधा ऑइल सीलचं नायट्रिल असतं. इथे गरम पाणी पोटात जायचंय. ८.५ मिलिमीटर जाडीचं मूळ मापाचं गॅस्केट आणि नवी जाळी मिळून ९०० रुपये मोजले. नव्या गॅस्केटवर हँडल घड्याळातल्या सहापर्यंत येत नाही, सातवर अडतं. जोर लावू नका, दोन आठवड्यांत आपोआप पुढे सरकतं.

जाळीमागची ॲल्युमिनियमची चकती खडबडीत झाली आहे. ती पितळेची करून घेण्याचा मोह होतो. भोसरीतला कुठलाही लेथवाला तासाभरात कातून देईल. पण कातकामाच्या साध्या पितळेत साधारण ३ टक्के शिसं असतं, त्यावरच ते इतकं सुरेख कातलं जातं. जुनी चकती घासून परत बसवली.

१८ जानेवारी, शनिवार

क्षार काढणे. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, ६० रुपये. योग्य प्रमाण लिटरला २० ग्रॅम. बॉयलरमध्ये भरून १५–२० मिनिटं ठेवायचं, काढायचं, परत भरायचं. घाई म्हणून ४० ग्रॅम टाकलं आणि रात्रभर तसंच ठेवलं.

हा बॉयलर ॲल्युमिनियमचा आहे. सकाळी ग्रुपमधून राखाडी पाणी आलं, शाईची दौत धुतल्यासारखं. आम्लाने क्षारांबरोबर धातूही खाल्ला. ते राखाडी जायला तीन टाक्या, म्हणजे साधारण सहा लिटर पाणी लागलं. व्हिनेगर तर नकोच: वास आठवडाभर जात नाही.

१९ जानेवारी, रविवार

कालच्या पराक्रमाचा दुसरा भाग. पंप चालतो, वाफेच्या नळीतून पाणी येतं, ग्रुपमधून थेंब नाही. बॉयलरमधून सुटलेली खपली सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे ग्रुपकडे पाणी सोडणाऱ्या विजेच्या झडपेत, अडकली.

या मशीनवर बहुतेकांची गाडी इथेच अडते, म्हणून सविस्तर. प्लग काढा. व्हॉल्व्ह ग्रुपच्या बाजूला दोन बोल्टवर असतो. कॉइलच्या वायरींचा फोटो काढून मगच त्या सोडवा. कॉइलवरचा नट काढला की कॉइल सरकून बाहेर येते. खाली उरते ती नळी पान्याने पिळून काढायची. आत स्प्रिंगसकट एक दट्ट्या, टोकांना रबराचे ठिपके. त्याच्या समोर बारीक भोक. भोकाच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा खडा बसला होता. टाचणीने ढकलू नका, भोकाची बैठक चरली तर व्हॉल्व्ह कायमचा गळेल. सगळे सुटे भाग २ टक्के लिंबूसत्त्वात अर्धा तास ठेवले, खडा विरघळून गेला. व्हॉल्व्ह ग्रुपला टेकतो तिथे दोन ओ-रिंग असतात, त्या बदलल्या, ४० रुपये.

जोडून पंप लावला तर नुसती घरघर. हवा अडकली होती. वाफेची नळी उघडी ठेवून पंप चालवायचा. नळीतून सलग धार आली की बंद करून ग्रुपकडे वळायचं. आता १० सेकंदांत ८५ मिली, आणि जाळीतून सगळीकडून सारखं.

खपली सुटेल अशी शंका असेल तर आम्ल घालण्याआधीच व्हॉल्व्ह काढून ठेवा. दोन तास वाचतील.

२४ जानेवारी, शुक्रवार

काल गुरुवार, महापालिकेचं पाणी बंद, सोसायटीत टँकर. आज नळाला टीडीएस मीटर लावला तर ६२०. मंगळवारी त्याच नळाला ९४ होता. एकाच नळाला, एकाच आठवड्यात.

टीडीएस एवढंच सांगतो की पाण्यात काहीतरी विरघळलंय. क्षार कोणते ते सांगत नाही, आणि बॉयलरला तेवढंच कळायला हवं असतं. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांच्या दोन बाटल्या मिळतात, एक कठीणपणाची आणि एक अल्कलीपणाची. ५ मिली पाण्यात थेंब मोजत टाकायचे. रंग पालटेल तो आकडा. एक थेंब म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम. खडकवासल्याचं, म्हणजे महापालिकेचं, पाणी: कठीणपणा ३ थेंब, अल्कलीपणा ३ थेंब. टँकरचं: कठीणपणा १८ थेंब, म्हणजे ३२० मिलिग्रॅमच्या घरात. बेसाल्टातली बोअर आहे, नवल नाही. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचा अल्कलीपणाचा पट्टा ४० ते ७५ आहे, कठीणपणाचा ५० ते १७५.

सरळ आरओचं पाणी वापरलं तर? अल्कलीपणा १ थेंब. क्षार धरणार नाहीत हे खरं, पण आम्ल सावरणारं काही उरत नाही. शॉट कच्च्या चिंचेसारखा आंबट लागतो. अनेकजण त्याला बीन्सचा दोष समजतात.

शेवटी ठरलेलं पाणी: आरओच्या पाण्यात लिटरला ८४ मिलिग्रॅम खाण्याचा सोडा. तेवढ्याने अल्कलीपणा ५० ने वाढतो. ८४ मिलिग्रॅम रोज कोण मोजणार; म्हणून ८.४ ग्रॅम सोडा एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून बाटली भरली. त्यातलं १० मिली एका लिटरला, ५ लिटरच्या कॅनला ५० मिली. तपासलं: ४ थेंब. कॅल्शियम जवळपास नाही, त्यामुळे बॉयलरमध्ये नवे क्षार धरण्याचं कारण उरत नाही. सोडाच घ्या, बेकिंग पावडर नको. तिच्यात आम्ल आणि पिष्ट मिसळलेलं असतं. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी स्वस्त पडतं, पण ते पिण्यासाठी बनवलेलं नसतं.

२५–२६ जानेवारी

दाब. शनिवारी नाना पेठेत ०–१६ बारचा मीटर आणि फिटिंग, ६२० रुपये. पोर्टाफिल्टरची तोटी काढली की खाली ३/८ इंची आटे मिळतात. मीटर १/४ इंची. मधे रिड्यूसर, टेफ्लॉन टेपचे सहा वेढे. दुकानात ‘कॉफीच्या मशीनसाठी’ असं सांगू नका, ‘पाण्याचा मीटर, ३/८’ असं सांगा. अर्धा तास वाचतो.

बंद बास्केट (पोर्टाफिल्टरमधली कॉफीची वाटी, इथे भोकं नसलेली) लावून, मशीन थंड असताना पंप: १३.५ बार. कारखान्यातून हे मॉडेल असंच चढं येतं, कारण सोबत मिळणारं दुहेरी भिंतीचं बास्केट तेवढा दाब मागतं. साध्या बास्केटमध्ये एवढ्या दाबाने पक (दाबून बसवलेली कॉफीची वडी) चिरतो.

जास्तीचा दाब टाकीत परत सोडणारा व्हॉल्व्ह पंपाच्या वाटेवर आहे. १७ नंबरच्या पान्याने त्याची टोपी काढली की आत ५ मिलिमीटरची ॲलन की बसते. घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, टोपी लावा, मोजा. पाव फेऱ्याला साधारण १ बार उतरत गेला, चार वेळा उघडझाप करून ९.८ वर थांबलो. बंद बास्केटवर १० च्या आसपास दाखवतं तेव्हा खऱ्या शॉटला पाणी वाहत असल्यामुळे दाब ९ च्या जवळ राहतो. प्रत्येक मोजणी १० सेकंदांच्या आत आटपा. मीटरचं पितळही कातकामाचंच, म्हणून हे पोर्टाफिल्टर फक्त मोजायला. त्यातलं पाणी फेकायचं.

शॉट चालू असताना टाकीत परतीच्या नळीतून बारीक धार पडायला हवी. ती नसेल तर पंप त्या दाबापर्यंत पोचतच नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पीआयडी. मूळ थर्मोस्टॅट १०७ अंशांचा, साधा चालू-बंद. त्याच्या दोन टोकांमध्ये बॉयलर १५ अंश तरी झुलतो. दिवा विझल्यावर लगेच काढलेला शॉट आणि चार मिनिटांनी काढलेला शॉट या दोन वेगळ्या कॉफ्या असतात.

तपकीर गल्लीतून सामान: रेक्स सी-१०० कंट्रोलर १,३५० रुपये, २५ ॲम्पिअरचा एसएसआर (इलेक्ट्रॉनिक रिले) ४५०, एम-४ आट्यांचा के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) ३००, सिलिकॉनची वायर आणि ६.३ मिलिमीटरचे टर्मिनल २८०. एलिमेंट जेमतेम ६ ॲम्पिअर ओढतो, तरी एसएसआर नुसता लटकत ठेवू नका. मशीनच्या पत्र्याला हीट पेस्ट लावून आवळायचा. साधी पीव्हीसी वायर बॉयलरजवळ वितळते.

जोडणी: थर्मोस्टॅटच्या जागी थर्मोकपल पिळायचा, थर्मोस्टॅटवरून सुटलेल्या दोन वायरी एसएसआरच्या लोड बाजूला. कंट्रोलरची वीज मेन स्विचच्या पुढून. वाफेचा थर्मोस्टॅट आणि बॉयलरवरचा थर्मल फ्यूज जागच्या जागी ठेवायचे. ‘फ्यूजची गरज नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

चालू केलं. कंट्रोलरचा आउट दिवा लागतो, एसएसआरचा दिवा लागत नाही, बॉयलर थंड. दोन तास वायरी तपासल्या. शेवटी आउटपुटच्या टोकांवर मल्टिमीटर लावला तर डीसी व्होल्टेज शून्य. डब्यावरचा कोड नीट वाचला: ‘एफके०२’ नंतर ‘एम’. एम म्हणजे आत रिले. एसएसआर चालवायला ‘व्ही’ लागतो. दोन्ही दिसायला एकसारखे, किंमतही सारखी, खोका उघडल्यावर परत घेत नाहीत. विकत घेतानाच बाजूचं स्टिकर वाचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

‘व्ही’वाला कंट्रोलर, दुसऱ्या दुकानात १,२५० रुपये. चालू केल्यावर पडद्यावर २६. एसएसआरचा दिवा लागला, बॉयलर तडतडायला लागला, आणि आकडा २४, २१, १७ असा खाली.

लगेच बंद. थर्मोकपलच्या वायरी उलट्या होत्या. कंट्रोलरला वाटतं थंड होतंय, म्हणून तो आणखी तापवतो. अशा वेळी मधे पडायला फक्त थर्मल फ्यूज असतो. लाल म्हणजे धन ही सवय इथे घात करते: अमेरिकी रंगसंगतीत के प्रकाराची लाल वायर ऋण असते. रंगावर भरवसा नको. जोडल्यावर टोक आधी हातात धरायचं. आकडा चढला तर बरोबर, उतरला तर उलट.

कंट्रोलर ४८ मिलिमीटर चौकोनी, त्यासाठी विजेच्या पीव्हीसी बॉक्सला ४५ चं भोक पाडून मशीनच्या बाजूला चिकटवला. दिसतो नळाच्या मोटरच्या स्टार्टरसारखा. चालतंय.

९ फेब्रुवारी, रविवार

ऑटोट्यून (कंट्रोलरने स्वतःच सेटिंग जुळवणं) दोनदा केलं, तरी आकडा ९९ ते १०९ झुलतच होता. कारण टी ही सेटिंग (चालू-बंदचा एक फेरा किती सेकंदांचा) २० सेकंदांवर होती. रिलेला २० ठीक, एसएसआरला २ हवी. बदलून परत ऑटोट्यून केल्यावर झुला एका अंशाच्या आत.

थर्मोकपल बॉयलरच्या बाहेर आहे, म्हणून पडद्यावरचा आकडा म्हणजे कॉफीचं तापमान नव्हे. थर्माकोलच्या कपात ६० मिली पाणी घेऊन मोजलं: पडद्यावर १०२ असताना कपात ९०.५, १०४ ला ९२.५, १०६ ला ९४. मधे तापमापीची सळई आधी गरम पाण्यात बुडवून घ्यायची, नाहीतर ती स्वतःच दोन अंश गिळते.

आणखी एक. पडदा सहा मिनिटांत १०४ दाखवतो. त्या क्षणी कपात ८६ आलं. ग्रुपचं जड धातूचं तोंड अजून थंडच असतं. पोर्टाफिल्टर लावून २५ मिनिटं ठेवल्यावरच ९२.५ मिळालं. पीआयडी बसवला म्हणून पाच मिनिटांत कॉफी होत नाही.

१५–१६ फेब्रुवारी

इथून दळण. बीन्स चिकमगळूर, एस.७९५ जात, प्लांटेशन, म्हणजे धुतलेली अरेबिका. मध्यम भाजणी, भाजून १० दिवस झालेले. २५० ग्रॅमला ५५० रुपये, १८ ग्रॅमचा एक शॉट ४० रुपयांना. हातग्राइंडर ९,५०० रुपये, एका क्लिकला १६ मायक्रॉन. काटा सोनारकामाच्या सामानाच्या दुकानातला, ०.०१ ग्रॅमचा, ८५० रुपये, सोड्यालाही तोच. बास्केट १८ ग्रॅमचं, १,१०० रुपये. ५८ मिलिमीटरच्या सोबत मिळालेल्या प्लास्टिकच्या टॅम्परभोवती (दळण दाबायचा ठोकळा) कडेला दळण मोकळंच राहायचं, म्हणून ५८.३५ चा टॅम्पर, १,६००.

लक्ष्य: १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम कपात, पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंद. पडदा १०४.

पहिला शॉट १६ सेकंद: आंबट, पातळ, गिळल्यावर काहीच उरत नाही. दोन क्लिक बारीक, २२ सेकंद: आंबटपणा आहे, पण आता त्यात संत्र्याची सालही आहे. आणखी एक, २६ सेकंद, चांगला. मोह झाला म्हणून आणखी एक क्लिक: ४१ सेकंद, थेंबथेंब, कडू आणि जिभेला तुरट. २६ आणि ४१ च्या मधे या ग्राइंडरला थांबाच नाही.

अशा वेळी दळणाला हात न लावता वजन हलवायचं. त्याच बारीक क्लिकवर १८ ऐवजी १७.४ ग्रॅम भरले, कपातलं वजन ३६ च ठेवलं: ३१ सेकंद. १७.२ ला २९. ०.२ ग्रॅमने दोन सेकंद, हा हिशेब या जोडीपुरता खरा. चवीला २६ सेकंदांचाच जास्त आवडला, पण वाट मिळाली.

एकूण ११ शॉट, जवळपास २०० ग्रॅम. यातले निम्मे टाळता आले असते. चौथ्या शॉटनंतर तापमान आणि दळण दोन्ही एकदम बदलले, आणि मग चव कशाने सुधारली ते कळेना. परत मागे जावं लागलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आकडे जुळतात, चव जुळत नाही. तेच १८, तेच ३६, तेच २६ सेकंद. एक कप गोडसर, दुसरा एकाच वेळी आंबट आणि कडू. पाणी पकमधून वाट फोडून निघत असणार. तळ नसलेलं पोर्टाफिल्टर, २,४०० रुपये. महाग वाटलं, पण पहिल्याच शॉटला डाव्या कडेने सुईसारखी धार उडून थेट भिंतीवर. तोटीच्या आत हेच रोज होत होतं, दिसत नव्हतं एवढंच.

तीन कारणं सापडली, तीन दिवसांत. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत दळण विजेने गोळा होऊन गुठळ्या पडत होत्या: दळण्याआधी बीन्सना चमच्याच्या दांड्याने पाण्याचा एक थेंब चोळला की ते थांबतं. बास्केटमध्ये दळण एका बाजूला ढीग होत होतं: ०.३५ मिलिमीटरच्या चार ॲक्युपंक्चरच्या सुया बुचात खोचल्या आणि तळापासून वर गोल गोल फिरवत मोकळं केलं, मग वरून सपाट. टूथपिकने होत नाही, ती जाड असते आणि स्वतःच्याच वाटा पाडते. तिसरं कारण, १८ ग्रॅम भरल्यावर पक जाळीला टेकत होता. पकवर रुपयाचं नाणं ठेवून पोर्टाफिल्टर आवळायचं आणि काढून बघायचं. नाणं खोल रुतलं तर जागा कमी आहे. खोल रुतलं. १७.५ वर आलो, एक क्लिक बारीक केलं, हलकासा ठसा उरला. कडेची धार थांबली.

जोराने दाबण्याचा काही फायदा नाही. पक एकदा पुरता दबला की पुढचा जोर मनगटात जातो. सरळ दाबणं महत्त्वाचं. तिरपा दाब दिला की उथळ बाजूने पाणी धावतं.

१ मार्च, शनिवार

दूध. बॉयलर सुमारे १०० मिलीचा, वाफ पुरते ती १५० मिली दुधापर्यंत. वाफेच्या नळीवरचं प्लास्टिकचं टोपण काढून टाकलं, त्याने साबणासारखा फेस होतो. वाफेचा दिवा लागायची वाट न बघता पडद्यावर १३५ ला सुरुवात करायची, म्हणजे एलिमेंट मधेच बंद पडत नाही.

फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३. फेस धरतं ते प्रथिन, त्यामुळे टोन्डचाही फेस चांगला येतो; फुल क्रीम जड, चव दाबून टाकणारं. गाईच्या दुधावर स्थिरावलो. हवा पहिली चार-पाच सेकंदच, कागद फाटल्यासारख्या आवाजात; मग टोक बुडवून भोवरा. ६० अंशांना थांबा. भांडं हाताला धरवेनासं झालं की वेळ झाली. म्हशीच्या दुधाची साय आवडणाऱ्यांनी अमृततुल्यात जावं, त्यात कमीपणा काही नाही.

वाफेनंतर लगेच शॉट काढू नका. बॉयलर १४० वर असतो, पाणी वाफ होऊन पक जाळतं. ग्रुपमधून ७०–८० मिली सोडून पडदा १०४ ला येऊ द्या. यामुळे बॉयलरही परत भरतो. कोरडा तापला तर एलिमेंट जातो.

९ मार्च, रविवार

आतापर्यंतचा खर्च: मशीन १७,५००, गॅस्केट-जाळी ९००, दाबाचा मीटर ६२०, पीआयडीचं सगळं ३,६३० (त्यातले १,३५० पाण्यात), ग्राइंडर ९,५००, तळ नसलेलं पोर्टाफिल्टर २,४००, टॅम्पर १,६००, बास्केट १,१००, काटा ८५०, किरकोळ १००, टीडीएस मीटर ३००, बीन्सची चार पाकिटं २,२००. एकूण ४०,७००. थेंबांच्या बाटल्या शेजाऱ्याच्या मत्स्यालयातल्या, फुकट.

बजेट तोकडं असेल तर पीआयडी नंतर बसवा, ग्राइंडर आधी घ्या. चांगल्या ग्राइंडरवर थर्मोस्टॅटचं मशीन दिवा बघून सांभाळता येतं. वाईट ग्राइंडरवर पीआयडी नुसता आकडे दाखवतो.

याच पाकिटांतलं चौथं: ७० टक्के अरेबिका, ३० टक्के रोबस्टा पार्चमेंट (धुतलेली रोबस्टा), गडद भाजणी. १०४ ला जळक्या शेंगदाण्याची चव. १०१ वर उतरवून, दोन क्लिक जाडं करून, १७.५ आत आणि ३३ बाहेर: चॉकलेट, जाड क्रेमा (शॉटवरचा फेस), दुधात उत्तम. क्रेमा जाड म्हणजे कॉफी चांगली असं मात्र नाही. रोबस्टाचा क्रेमा नेहमीच जाड असतो.

१५ मार्च, शनिवार

एस.७९५ चं उरलेलं पाकीट भाजून ३७ दिवसांचं झालं. तीच क्लिक, तेच १७.५, आणि वेळ २६ वरून २०. बीन्समधला वायू निघून गेला, पाण्याला अडवणारं कमी उरलं. एक क्लिक बारीक, २५ सेकंद. चव फिकी, पण दुधात चालेल. पुढच्या वेळी पाकीट आणल्या दिवशीच ५० ग्रॅमच्या हवाबंद बाटल्या भरून फ्रीझरमध्ये, एका वेळी एकच काढायची आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडायची, नाहीतर गार बीन्सवर दव धरतं.

हँडल आता घड्याळातल्या साडेसहावर येतं. बंद बास्केटमध्ये ३ ग्रॅम ग्रुप धुण्याची पावडर घालून पाच वेळा, १० सेकंद चालू १० सेकंद बंद, असा ग्रुप उलटा धुतला: पहिल्या वेळी तपकिरी फेस, पाचव्या वेळी स्वच्छ. हे दर दोन आठवड्यांनी, साध्या पाण्याने रोज रात्री. जाळीमागची चकती एप्रिलमध्ये परत उघडायची आहे, आणि रान्चिलिओ सिल्व्हिया या दुसऱ्या एस्प्रेसो मशीनची वाफेची नळी मिळाली तर तेव्हाच बदलायची.